घाशीराम ते जॉर्ज खान: ओम पुरीची विलायतेतली कारकीर्द

धागाकर्ता: वाडेबोळ

ओम पुरीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "अर्धसत्यमध्ये काय काम केलंय!" दुसरं, "पण पुढे बिचाऱ्याला कामंच मिळाली नाहीत, मालामाल वीकलीसारखे सिनेमे करत बसला." पहिल्याबद्दल वाद नाही. दुसरं वाक्य मात्र अर्ध्या माहितीवर चाललंय, आणि त्यासाठीच हा धागा.

ज्या वर्षांत आपल्याला वाटत होतं की हा माणूस वाया चाललाय, त्याच वर्षांत तो इंग्लंडमध्ये नायक म्हणून उभा होता. पाहुणा कलाकार नाही, दोन प्रसंगांचा हिंदुस्थानी डॉक्टर नाही, चक्क नायक. १९९५ चा 'ब्रदर्स इन ट्रबल', १९९७ चा 'माय सन द फनॅटिक', १९९९ चा 'ईस्ट इज ईस्ट'. मग टीव्हीवर २००२ साली 'व्हाइट टीथ', २००३ साली बीबीसीच्या 'कँटरबरी टेल्स'मधली एक कथा. 'ईस्ट इज ईस्ट'साठी बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटिश चित्रपट पुरस्कारांचं, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन मिळालं. केव्हिन स्पेसी 'अमेरिकन ब्यूटी'साठी जिंकला ते सोडा, यादीत रसेल क्रो आणि राल्फ फाइन्स यांच्या शेजारी अंबाल्याच्या ओम पुरीचं नाव होतं. २००४ मध्ये ब्रिटिश सरकारने मानद ओबीई हा किताब दिला. आपल्या पेपरांनी आतल्या पानावर चार ओळी छापल्या असतील.

हे नेमकं तेव्हाच का घडलं? कारण इंग्लंडात स्थलांतरितांची दुसरी पिढी लिहायला लागली होती. १९८२ साली चॅनेल फोर ही टीव्ही वाहिनी सुरू झाली, त्यांनी सिनेमात पैसा घालायला सुरुवात केली, आणि हनीफ कुरेशी ('माय सन द फनॅटिक'), अयूब खान-दीन ('ईस्ट इज ईस्ट') यांच्यासारखे तिथेच जन्मलेले लेखक पुढे आले. ही मुलं लिहिणार कोणाबद्दल? आपल्या बापांच्या पिढीबद्दल. पाकिस्तानातून आलेला, गिरणीत किंवा टॅक्सीवर राबलेला, पोरं हाताबाहेर गेलेली बघणारा बाप. आता हा बाप करणार कोण? सईद जाफरी आणि रोशन सेठ होते, दोघेही उत्तम, पण त्यांचं इंग्रजी कोट-टाय घातलेलं. कुरेशीच्याच 'माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट' सिनेमात एक धंदेवाईक काका आणि दुसरा शिकलेला पत्रकार बाप, तिथे ते चपखल बसले. टॅक्सीवाला आणि मासे-चिप्सवाला करायला वेगळा घसा लागणार होता.

ओम पुरी पंजाबी माध्यमात शिकलेला. लहानपणी चहाच्या टपरीवर कप धुतलेले. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेल्यावर इंग्रजीने त्याला किती छळलं, हे त्याने स्वतःच मुलाखतींमधून सांगितलंय. ज्या इंग्रजीची तिथे लाज वाटायची, तेच इंग्रजी पंचविशीच्या वर वर्षं गेल्यावर उत्तर इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड-सॅलफर्डच्या बापांसाठी कामाला आलं. ते त्याला शिकावं लागलं नाही. इतर कोणाला शिकून जमलंही नसतं.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे आणि तो आपल्या, म्हणजे मराठी वाचकांच्या, जास्त जवळचा आहे.

ओम पुरीचा पहिला सिनेमा कोणता? 'घाशीराम कोतवाल', १९७६, मराठी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढून केलेला. मणि कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप वगैरे. नाना मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. घाशीराम हा कोण? कनोजचा ब्राह्मण. पोट भरायला पुण्यात आलेला उपरा. चोरीचा आळ घेऊन पुणेकर त्याला बडवतात, हाकलतात, आणि तो शपथ घेऊन परत येतो. पोटच्या पोरीचा सौदा करून कोतवाली मिळवतो आणि मग ज्यांनी अपमान केला त्यांच्यापेक्षा वाईट होतो. बाहेरचा माणूस, झालेला अपमान, आणि हातात आलेली तुटपुंजी सत्ता आपल्याहून दुबळ्यांवर वापरणं.

आता 'ईस्ट इज ईस्ट'चा जॉर्ज खान बघा. १९७१ चं सॅलफर्ड. बायको गोरी, पोरं सात. दुकानाचं नाव 'जॉर्जेस इंग्लिश चिप्पी', म्हणजे पाकिस्तानी माणूस गोऱ्यांना त्यांचेच तळलेले मासे विकतोय आणि पाटीवर स्वतःचं खरं नावही नाही. गल्लीत इनॉक पॉवेल या स्थलांतरितविरोधी पुढाऱ्याचे चाहते, तिकडे टीव्हीवर पूर्व पाकिस्तान फुटताना दिसतोय. बाहेर याचं कोणी ऐकत नाही. घरात मात्र हा कोतवाल. पोरांच्या लग्नांचे सौदे त्यांना न विचारता ठरवतो. थोरला लग्नाच्या मांडवातून पळाला तर तो आपल्याला मेला म्हणून मोकळा होतो.

'घाशीराम' लिहिणाऱ्या तेंडुलकरांनी जी गोष्ट पेशवाईतल्या पुण्यात बघितली तीच अयूब खान-दीनने स्वतःच्या घरात बघितली, एकमेकांची काहीही खबर नसताना. आणि दोन्हीकडे उभा राहिला तो एकच नट. मला हा योगायोग म्हणून सोडून देववत नाही. मधल्या तेवीस वर्षांत त्याने 'आक्रोश'चा लहान्या भिकू केला, 'अर्धसत्य'चा वेलणकर केला. दोन्हींची पटकथा तेंडुलकरांची. दडपलेला माणूस कधी गप्प बसतो आणि कधी दुसऱ्याला दडपतो, याचा अभ्यास तो इकडे करून गेला होता. इंग्लंडने तयार माल उचलला.

एक बारीक गोष्ट सांगतो. जॉर्जला चहा विचारला की तो म्हणतो "हाफ कप". दिवसातून कितीही वेळा विचारा, अर्धाच कप. सुरुवातीला हसू येतं. मधे तो दुकानामागे बायकोला मारतो, पोरावर हात टाकतो, तो प्रसंग सहन होत नाही. शेवटी सगळं विस्कटल्यावर बायको परत चहा विचारते आणि उत्तर तेच येतं, अर्धा कप. ओम पुरीने ते कसं म्हटलंय ते बघा. माफी मागत नाही, पडतही घेत नाही, पण आवाजातला कोतवाल गेलेला असतो. हे लिहून येत नाही.

हॉलिवूडबद्दल थोडक्यात. 'वुल्फ' (१९९४) मध्ये जॅक निकल्सनसमोर एकच प्रसंग. मरायला टेकलेला म्हातारा प्राध्यापक निकल्सनला म्हणतो, मला चाव. एवढ्या चमत्कारिक वाक्यावर प्रेक्षक हसत नाहीत हीच कमाई. 'द घोस्ट अँड द डार्कनेस' (१९९६) मध्ये त्सावोच्या रेल्वेवरचा मुकादम. 'वुल्फ'च्याच माइक निकल्सने पुढे 'चार्ली विल्सन्स वॉर'मध्ये (२००७) त्याला झिया-उल-हकसाठी बोलावलं. एका दिग्दर्शकाला तेरा वर्षांनी आठवण राहते, यात आलं काय ते.

तुम्हाला काय वाटतं? आणि 'माय सन द फनॅटिक' कोणी बघितलाय का? मला तो 'ईस्ट इज ईस्ट'पेक्षा वरचा वाटतो, पण त्यावर बोलायला माणूसच सापडत नाही.

---

माजघर

छान लिहिलंय. घाशीराम-जॉर्ज हे डोक्यात आलं नव्हतं कधी, आता निघणार नाही.

'गांधी' (१९८२) राहिला तुमचा. जेमतेम दोन-तीन मिनिटांचं काम आहे पण माझ्या मते परदेशातल्यांनी त्याला पहिल्यांदा बघितलं ते तिथे. कलकत्त्यात गांधीजी उपोषणाला पडलेत, दंगेखोर येऊन हत्यारं टाकतात, आणि हा एकटा गर्दीतून घुसतो, अंगावर रोटी फेकतो आणि म्हणतो खा. मी नरकात जाणारच आहे, पण तुमच्या मरणाचं ओझं घेऊन नाही जाणार. मग सांगतो की मी एक मूल मारलंय, भिंतीवर डोकं आपटून. गांधीजी त्याला मार्ग सांगतात: आईबाप मारले गेलेलं एखादं मूल शोध, आपलं म्हणून वाढव, फक्त ते मुसलमान असू दे आणि मुसलमान म्हणूनच वाढव. हे ऐकताना ओम पुरीच्या चेहऱ्यावर बघा काय होतं. आधी काही कळलेलंच नसतं, मग कळतं.

त्याच सिनेमासाठी आपल्या रोहिणी हट्टंगडींना सहायक अभिनेत्रीचं बाफ्टा मिळालं होतं, मॉरीन स्टेपलटनबरोबर विभागून. त्याचंही आपल्याकडे फार कोणाला कौतुक नाही. गोखले डॉ. लागू. बघताना निम्मा वेळ "अरे हा आपला" असंच होतं.

---

आगाऊ कार्टं

मला चाव 😂😂 हा प्रसंग आत्ता शोधून बघितला. खरंच हसू आलं नाही.

---

तिरपागडा

मालामाल वीकलीबद्दल ब्र काढायचा नाही.

आणि 'हेराफेरी'तल्या खडकसिंगला कमी लेखणाऱ्यांसाठी एक तारीख: हेराफेरी आला मार्च २००० च्या अगदी शेवटी. बाफ्टाचा सोहळा एप्रिल २००० च्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे एकाच पंधरवड्यात हा माणूस इकडे फेटा बांधून पैशासाठी बोंबलत राजू-शाम-बाबूरावच्या मागे धावतोय आणि तिकडे लंडनला इंग्लंडातल्या सर्वोत्कृष्ट नटांच्या यादीत बसलाय. त्याला स्वतःला यात काही विसंगत वाटत नव्हतं. विसंगती आपल्या डोक्यात आहे. १९९७ चंही तेच. त्याच वर्षी 'चाची ४२०'चा बनवारी आणि त्याच वर्षी 'माय सन द फनॅटिक'मधला ब्रॅडफर्डचा परवेझ.

समांतरवाल्यांनी पोट भरायला विनोदी कामं केली की आपण हळहळतो. समांतर सिनेमाने त्याला काय दिलं होतं? मान, पुरस्कार आणि रिकामा खिसा.

---

रिमझिम_मँचेस्टर

मी इकडेच राहते, सॅलफर्ड इथून जवळ. सिनेमातल्या विटांच्या घरांच्या रांगा आता बऱ्याच पाडून झाल्यात, पण तसे चिप्सवाले अजून गल्लोगल्ली आहेत आणि कितीतरी ठिकाणी गल्ल्यावर आपल्याकडचाच, पाकिस्तानी किंवा बांगलादेशी, नाहीतर चिनी माणूस असतो. पाटीवर मात्र अजूनही कुठलं तरी इंग्रजी नाव.

ऑफिसात एक सहकारी आहे, आईवडील पाकिस्तानकडच्या काश्मीरातल्या मीरपूरचे. जेवताना या सिनेमाचा विषय निघाला तर तो म्हणाला, "आमच्या घरी सगळे पोट धरून हसले. वडील मधेच उठून गेले." एवढं बोलून तो डबा धुवायला गेला. मी पुढे विचारलं नाही.

वाडेबोळ, तुमच्या इंग्रजीच्या मुद्द्यात एक भर. ओम पुरी अंबाल्याचा, घरची भाषा पंजाबी. इथल्या पाकिस्तानी बापांचीही बहुतेक पंजाबी नाहीतर तिच्या जवळची बोली. त्यामुळे चिडल्यावर जॉर्जचं इंग्रजी जसं मोडतं, वाक्य अर्ध्यात टाकून शिवी येते, ते इथल्या लोकांना अस्सल वाटतं. सीमेच्या कुठल्या बाजूचा हे ऐकताना कळतच नाही. उगाच का १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची काळजी करणारा बाप एक हिंदुस्थानी नट करतो आणि इथे कोणाला खटकत नाही!

---

कडेलोट

मी थोडा विरोधी सूर लावतो. ओम पुरी थोर, प्रश्नच नाही. पण 'ईस्ट इज ईस्ट' हा सिनेमा मला तेव्हाही टोचला होता आणि आताही टोचतो.

गोऱ्या प्रेक्षकाला काय दाखवलंय? मुसलमान बाप हेकेखोर, मारकुटा, सुंता आणि ठरवलेली लग्नं यांपलीकडे त्याला जग नाही. गोरी आई सोशीक, समजूतदार, पोरांची ढाल. पोरांना हवं ते सगळं इंग्रज: डिस्को, डुकराचं सॉसेज, गोऱ्या मैत्रिणी. बाप सांगतो ते सगळं टाकाऊ. बघायला येणाऱ्या होणाऱ्या सुना तर निव्वळ कुरूप दाखवून हशा वसूल केलाय. लेखक त्यांच्यातलाच आहे म्हणून हे चालवून घ्यायचं? आपल्या माणसाने आपल्यांची टिंगल केली की परक्यांना ती जास्त गोड लागते.

आणि घाशीरामशी तुलना घासून बघा. 'घाशीराम'मध्ये खरा सूत्रधार नाना आहे. घाशीराम हे प्यादं. तेंडुलकर शेवटी बोट नानाकडे दाखवतात, मेलेला घाशीराम लोकांना मिळतो आणि उरलेला नाना सत्तेला. 'ईस्ट इज ईस्ट'मध्ये नाना कुठाय? ज्या इंग्लंडने जॉर्जला तसा केला त्याचा हिशोब एका पॉवेलभक्त म्हाताऱ्यावर भागवलाय, आणि तोही विनोदी. सगळा दोष घरातल्या कोतवालाच्या माथी.

---

वाडेबोळ

कडेलोट, 'नाना कुठाय' हा प्रश्न तोडीचा आहे. सिनेमा तो प्रश्न विचारत नाही हे कबूल. सुनांबद्दलही सहमत, तो भाग आज बघवत नाही.

पण म्हणूनच मी नटाबद्दल लिहितोय, सिनेमाबद्दल नाही. पटकथेत जो नाना नाही, तो ओम पुरीने जॉर्जच्या चालीत आणलाय. दुकानात गिऱ्हाइकांसमोर तो खांदे पाडून उभा राहतो, घराच्या उंबऱ्यात आला की छाती बाहेर. मशिदीत मानाने बोलणारा जॉर्ज आणि मुलांच्या शाळेशी, दवाखान्याशी व्यवहार करताना बायकोला पुढे करणारा जॉर्ज वेगळे दिसतात. या माणसाला बाहेर कोणीतरी रोज लहान करतंय, हे त्याच्या अंगावर लिहिलंय, भले कॅमेरा त्या कोणाकडे वळत नसेल.

हीच भूमिका दुसऱ्या कोणी केली असती तर निव्वळ खलनायक झाला असता, नाहीतर निव्वळ विदूषक.

---

शेवाळ

अर्धसत्यची एक आठवण या धाग्यावर यायलाच हवी. वेलणकरचा बाप कोण? अमरीश पुरी. पोलिसातला, घरात बायकोला मारणारा. वेलणकर लहानपणी ते बघतो, काही करू शकत नाही, आणि पुढे त्याच बापाच्या हट्टापायी खाकी चढवतो. आयुष्यभराचा राग कोठडीत एका चोरट्यावर काढतो आणि तो मरतो.

१९८३ साली ओम पुरी मार बघणारा मुलगा, १९९९ साली मार देणारा बाप. त्याला जॉर्ज कळला असेल तर तो वेलणकरच्या बाजूने कळला असेल. दुकानामागच्या त्या प्रसंगात मला सारखे अमरीश पुरी दिसत होते.

(अर्धसत्य पानवलकरांच्या 'सूर्य' कथेवरून, चक्रव्यूहाची कविता दिलीप चित्रे, रामा शेट्टी सदाशिव अमरापूरकर. एवढा मराठी ऐवज असलेला हिंदी सिनेमा दुसरा दाखवा. कार्लोव्ही व्हारीच्या चित्रपट महोत्सवात ओम पुरीला अभिनेत्याचं पारितोषिकही यावरच मिळालं, १९८४ साली. म्हणजे विलायतेच्या आधी चेकोस्लोव्हाकिया!)

---

निशिगंधा७

इरफानबद्दल कोणीच बोलत नाही?

माझ्या मते ओम पुरीने दार किलकिलं केलं आणि इरफान त्यातून ताठ चालत गेला. गंमत म्हणजे दोघांची सुरुवात एकाच खुंटीला अडकते. 'ईस्ट इज ईस्ट'ला २००० साली सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचं बाफ्टा, अलेक्झांडर कॉर्डाच्या नावाचं. तेच पारितोषिक २००३ साली 'द वॉरियर'ला, असिफ कपाडियाचा, इरफान नायक. तो सिनेमा चक्क हिंदीत आणि राजस्थानात घडणारा, तरी 'ब्रिटिश'.

फरक मला असा वाटतो. इरफानला पुढे अशा भूमिका मिळाल्या ज्यांचा भारतीयपणा हाच विषय नव्हता. 'ज्युरासिक वर्ल्ड'चा मालक कुठल्याही देशाचा चालला असता. 'इन ट्रीटमेंट'मधला सुनील बंगाली विधुर आहे खरा, पण तो मानसोपचारतज्ज्ञासमोर बसून खोलीचा ताबा घेतो. ओम पुरीला शेवटपर्यंत बापच करावे लागले. पाकिस्तानी बाप, बांगलादेशी बाप, पंजाबी बाप, मुंबईकर बाप. पिढीचा फरक म्हणा. पण माझ्या मते ओम पुरी हा जास्त मोठा नट होता आणि त्याला जग कमी मिळालं.

---

तिरपागडा

> ओम पुरी हा जास्त मोठा नट होता

धाग्याची शंभरी भरवायचा विचार दिसतोय ताईंचा.

---

ओसरी

चष्मा पुसत वाचतोय. जुन्या माणसाचे दोन पैसे.

'सिटी ऑफ जॉय' (१९९२) निसटला सगळ्यांच्या नजरेतून. रोलँड जोफेचा, हिरो पॅट्रिक स्वेझी, पण सिनेमा आहे हसारी पालचा. बिहारच्या गावाकडून बायकापोरं घेऊन कलकत्त्यात आलेला आणि हातरिक्षा ओढणारा. ओम पुरीने त्यासाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर खरोखर रिक्षा ओढायचा सराव केला होता. ते दिसतं. हातरिक्षा पळवताना वजन हातांवर न घेता कसं तोलायचं, पाय कसे टाकायचे, थांबताना दांड्या कशा खाली घ्यायच्या. बायको शबाना. त्या काळी कलकत्त्यात चित्रीकरणाला केवढा विरोध झाला, दारिद्र्य विकतात म्हणून. विरोधकांचं सगळंच चूक होतं असं नाही. पण गोरा डॉक्टर आत्मशोध करत फिरतो तो सगळा भाग विसरायला होतो आणि हसारी लक्षात राहतो.

तोही उपराच बघा, वाडेबोळ. तुमच्या यादीत घाला. घाशीराम पुण्यात, हसारी कलकत्त्यात, जॉर्ज सॅलफर्डला. फक्त हसारी कोणाचा कोतवाल होत नाही.

दुसरं म्हणजे 'भारत एक खोज'. आमच्या घरी रविवारी सकाळी सगळं आवरून टीव्हीसमोर. नसीर शिवाजी महाराज आणि ओम पुरी औरंगजेब! मराठी घरात औरंगजेबाबद्दल चकार शब्द बरा निघत नाही, पण आमच्या वडिलांनी त्या भागानंतर "काय डोळे आहेत त्याचे" असं म्हटलेलं मला चांगलं आठवतं. त्यांच्या तोंडून औरंगजेबाची तेवढीच स्तुती.

---

पाटावरवंटा

सत्तरीच्या शेवटी फिल्म इन्स्टिट्यूटच्या परिसरात वावरलेल्या माझ्या मामाकडून ऐकलंय की त्याच्या चेहऱ्यावरच्या व्रणांमुळे "हा हिरो कसा होणार" अशी कुजबूज तिथेही व्हायची... पुढे बायकोचं पुस्तक वगैरे जे झालं त्यावर पण

---

संपादक मंडळ

खाजगी आयुष्यावरची चर्चा इथे नको. प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. विषयाला धरून लिहावे.

---

रिमझिम_मँचेस्टर

'माय सन द फनॅटिक' बघितलाय, वाडेबोळ, माणूस सापडला असं समजा.

परवेझ हा टॅक्सीवाला. रात्रपाळी, गिऱ्हाइकं दारुडे आणि वेश्या. तळघरात स्वतःसाठी एक कोपरा केलाय, तिथे व्हिस्की आणि लुई आर्मस्ट्राँग. मुलाचं लग्न पोलीस इन्स्पेक्टरच्या गोऱ्या मुलीशी ठरलेलं, म्हणजे परवेझच्या हिशोबाने जिंकलो. आणि मुलगा एक एक वस्तू विकायला लागतो, गिटार जाते, साखरपुडा मोडतो, दाढी वाढते. मुलगा बापापेक्षा कडवा होतो. 'ईस्ट इज ईस्ट'च्या बरोबर उलटं. कुरेशीची कथा १९९४ ची आणि सिनेमा १९९७ चा, दोन्ही ११ सप्टेंबरच्या कितीतरी आधी. नंतर जो विषय सगळ्यांनी कोळून प्यायला तो यांनी आधीच एका टॅक्सीत आणि एका तळघरात मांडला होता.

आणि त्यात प्रेमप्रकरण आहे! पन्नाशीला आलेला, चेहऱ्यावर देवीचे व्रण असलेला नट आणि रेचल ग्रिफिथ्स, आणि ते हास्यास्पद होत नाही. जॉर्ज कोणीतरी केला असता कदाचित. परवेझ दुसऱ्या कोणाला जमला नसता. कारण परवेझ भला माणूस आहे, आणि भला माणूस कंटाळवाणा न करता दाखवणं जास्त कठीण.

कडेलोट, तुमचा 'नाना' यात सापडेल. परवेझच्या टॅक्सीतून फिरणारा जर्मन धंदेवाला बघा, स्टेलान स्कार्सगार्डने केलेला.

---

कडेलोट

हा बघायला हवा. दिग्दर्शक उदयन प्रसाद ना? त्याचा 'ब्रदर्स इन ट्रबल' मी फार पूर्वी बघितलाय. साठच्या दशकातलं इंग्लंड, बेकायदा आलेले पाकिस्तानी मजूर, सगळे एकाच घरात कोंबलेले. ओम पुरी त्या घराचा कारभारी. पाळीपाळीने झोपतात, पडदे लावून राहतात, बाहेर पडायचं तर पोलिसांची भीती. मग त्या घरात एक गोरी बाई राहायला येते. त्यात मला तक्रारीला जागा सापडली नव्हती, कारण तिथे गिरणी दिसते, दलाल दिसतो, कोणाच्या कष्टावर कोण कमावतंय ते दिसतं. पवन मल्होत्राही आहे त्यात. वाडेबोळ, तुमचा घाशीराम खरा तिथे शोधा.

---

शेवाळ

पाकिस्तानी भूमिकांचं वर्तुळ पूर्णही झालं की. २०१६ मध्ये तो खरोखरच पाकिस्तानी सिनेमात होता, 'अॅक्टर इन लॉ', कराचीत बनलेला, फहाद मुस्तफाचा बाप. जानेवारी २०१७ मध्ये गेला. गुरिंदर चढ्ढाचा 'व्हाइसरॉय्ज हाउस' नंतर लागला. फेब्रुवारीत ऑस्करच्या सोहळ्यात दिवंगतांच्या चित्रफितीत त्याचा फोटो होता. आपल्याकडच्या पुरस्कार सोहळ्यांत त्या वर्षी कोणी किती वेळ दिला ते मी लक्षात ठेवलेलं नाही, ठेवण्यासारखंही नसावं.

---

माजघर

सगळे इतके गंभीर झालात, पण मला त्याचा सगळ्यात आवडता परदेशी सिनेमा 'द हंड्रेड-फूट जर्नी' (२०१४) आहे. मुंबईत हॉटेल जळालेलं, पोरं घेऊन फ्रान्सच्या खेड्यात येतो आणि मिशेलिन तारा मिळवलेल्या हॉटेलवाल्या हेलन मिरेनच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे, तंदूर पेटवतो. लाउडस्पीकरवर गाणी काय, भावात घासाघीस काय! हेलन मिरेनला पुरून उरलाय.

---

कडेलोट

तो सिनेमा म्हणजे पर्यटन खात्याची जाहिरात आहे. मसाले, सूर्यास्त आणि गोड म्हातारा. ज्याने परवेझ केला त्याला शेवटी डबल क्रीममध्ये बुडवला.

---

माजघर

तुम्ही परवेझ अजून बघितलेला नाही असं वरच म्हणालात! आधी तो बघा. मीही 'ब्रदर्स इन ट्रबल' शोधते कुठे मिळतोय ते. मग या इथेच भांडायला. आणि हेलन मिरेनबरोबर नाचतो तो प्रसंग बघून सुद्धा तुमचं मत हेच राहिलं तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

---

तिरपागडा

आणि येताना कोणीतरी मालामाल वीकली पण बघून या.